कुलूपवालीचा खरा पत्ता

गावातल्या निम्म्या दारांची कुलपं कुलूपवालीच्या हाताखालून गेली होती, पण तिचं स्वतःचं दार कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं की ती म्हणायची, "पोस्टाच्या मागे." पोस्टाच्या मागे होती एक भिंत, भिंतीमागे मोकळं मैदान आणि मैदानापलीकडे सरकारने बांधून भाड्याने दिलेल्या चार पिवळ्या इमारती. म्हणजे ती अगदीच खोटं बोलत नव्हती, मधलं मैदान तेवढं गिळत होती.

न गिळून सांगते कोणाला! त्या इमारतींना गावाने नाव ठेवलं होतं 'फुकटनगर'. तिथले लोक दर महिन्याला भाडं भरतात, हे कोणाच्या कानात शिरत नव्हतं. सायकल चोरीला गेली, फुकटनगर. कुंडी फुटली, फुकटनगर. एकदा एका बंगल्यातली मांजर चार दिवस दिसेना, तेव्हाही सगळ्यांनी माना तिकडेच वळवल्या. मांजर पुढे त्याच बंगल्याच्या माळ्यावर तीन पिल्लांसह सापडली, पण 'चुकलं हो आमचं' म्हणायला कोणी मैदान ओलांडलं नाही.

बरं, कुलूपवालीने करायचं काय, तर याच बंगल्यांना कुलपं बसवायची. "दुहेरी बसवा," बंगल्यातल्या बाई वरून सांगायच्या, "त्या फुकटनगरवाल्यांचा नेम नाही. तुम्ही बऱ्या घरच्या, तुम्हाला नाही कळायचं." कुलूपवाली तोंडात स्क्रू धरून मान हलवायची. तोंडात स्क्रू असले की उत्तर द्यावं लागत नाही, हे त्या धंद्यातलं मोठं सुख. असं सुख तिने बारा वर्षं भोगलं.

मग नगरपालिकेची जाहिरात आली. शाळा, वाचनालय, दवाखाना अशा सगळ्या इमारतींची कुलपं सांभाळायला कायमचं माणूस हवं होतं. बसायला खोली, कामाला टेबल. सायकलला पेटी बांधून दारोदार फिरताना कुलूपवालीचे गुडघे बिजागऱ्यांसारखे कुरकुरायला लागले होते. तिने परीक्षा दिली. समोर पाच बंद कुलपं ठेवली होती. बाहेरगावचे बाकीचे उमेदवार खिशात चष्मे चाचपत होते, तोवर हिची पाचही उघडून झाली. आता राहिली फक्त पत्त्याची तपासणी.

तिथेच घोडं अडलं. फॉर्मवर तिने सवयीने 'पोस्टाच्या मागे' लिहिलं. वडिलांनी ते वाचलं. कुलपांचं काम तिला त्यांनीच शिकवलेलं. आयुष्यभर कानस मारून त्यांची नखं कायमची झिजली होती, जीभ मात्र शाबूत होती.

"तपासायला येणारा माणूस काय भिंतीला विचारणार, बाई घरात आहेत का म्हणून?"

"आणि खरा पत्ता बघून नको म्हणाले तर, बाबा?"

"म्हणतील तेव्हा म्हणतील. आत्ता त्यांच्या वतीने तूच नको म्हणतेयस."

तिने नवा फॉर्म आणला आणि त्यावर इमारत, मजला, खोली सगळं नीट लिहिलं. लिहिताना वाटत होतं, जणू दुसऱ्याच्याच तिजोरीला हात घालतेय.

एक गोष्ट मात्र तिने केली नाही. तळमजल्यावरच्या मावशींना यातलं काही सांगितलं नाही. नोकरी मिळाली नाही तर चार इमारतींत हसं व्हायचं, ही भीती. आणि कॉलनीचा एक नियम होता, कुठे लिहिलेला नव्हता पण सगळ्यांना पाठ. फाईलवाला माणूस दिसला की कानांवर हात! कोणाकडे पाहुणा जास्त दिवस राहिलाय, कोणी गॅलरीत कुत्रं पाळलंय, हे हुडकायलाच फाईलवाले यायचे. तीस वर्षांत त्यांतल्या एकानेही चांगली बातमी आणली नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी कुलूपवाली कामावरून आली, तर मावशी जिन्यातच विजयी मुद्रेने उभ्या.

"वाचवलं हो तुला! दुपारी एक फाईलवाला आला होता, तुझं नाव घेऊन."

कुलूपवालीने पेटी खाली ठेवली. "मग?"

"मी म्हटलं, असली कोणी इथे राहतच नाही. खालच्या दुकानातला न्हावी म्हणाला, इथे चोरायला आहे काय, कुलपं हवीत कोणाला? आणि वरच्या वहिनींनी तर तुझं लग्नच लावून टाकलं."

"लग्न?"

"परदेशी गेलीस तू. नवरा बोटीवर असतो. स्थळ चांगलं शोधलंय, तोंड कशाला पाडतेस?"

"आणि बाबा? बाबा होते ना घरात!"

"त्यांनी कानातलं यंत्र काढून ताणून दिलेली. शेवटी तो 'पत्ता खोटा' असं पुटपुटत, लिहीत निघून गेला."

कुलूपवाली पायरीवरच बसली. बारा वर्षं अर्धवट पत्ता सांगितला, कोणाला शंका आली नाही. आयुष्यात पहिल्यांदा पुरा लिहिला आणि तो खोटा ठरला. तिने सगळं सांगितलं, तशी मावशींची वाचाच बसली. कॉलनीच्या इतिहासात असं पहिल्यांदा घडत होतं.

"मला आधी का नाही बोललीस गं?"

"मावशी, तुम्हाला सांगितलेलं संध्याकाळी चारही गच्च्यांवर वाळत पडलेलं असतं."

"तेही खरंच," मावशी म्हणाल्या. "उद्या सकाळी तयार राहा."

सकाळी नगरपालिकेत कालच्याच फाईलवाल्या साहेबांच्या टेबलापुढे चौघं उभी राहिली. कुलूपवाली, मावशी, न्हावी आणि वहिनी. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काल तुम्हीच सांगितलंत, अशी बाई इथे राहत नाही."

"सांगितलं. खोटं बोलले," मावशी म्हणाल्या.

"आणि बोटीवरचा नवरा? फॉर्मवर तर अविवाहित लिहिलंय."

"ती बोट बुडाली, साहेब," वहिनी घाईने म्हणाल्या.

साहेबांना हसू आवरेना, पण त्यांनी फाईल काही उघडली नाही. "काल खोटं बोललात. आज खरं बोलताय हे मी कशावरून मानू?"

आता मात्र मावशी टेबलावर वाकल्या. "साहेब, माझ्या घराची दुसरी किल्ली हिच्याकडे असते. ह्या न्हाव्याच्या दुकानाचीही, ह्या वहिनींच्या घराचीही. चार इमारती, चौसष्ट घरं, सगळ्यांच्या किल्ल्या हिच्या भिंतीवर टांगलेल्या. कोणाचा साधा चमचा इकडचा तिकडे झाला नाही. गाव आम्हाला चोर म्हणतं ना? मग बंगलेवाल्यांतल्या एकाने तरी आपली किल्ली शेजारच्या घरात ठेवून दाखवावी. तुमची कोणाकडे असते हो?"

साहेबांनी फाईल काखेला मारली. मग टोपी उचलून म्हणाले, "चला, भिंत बघू."

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत साहेबांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. चौसष्ट खिळे, चौसष्ट किल्ल्या. नंबर कुठेच नाहीत, नुसते रंगीत दोरे, म्हणजे चुकून कोणाच्या हाती पडली तरी घर कळायला नको. "ही युक्ती वाचनालयातही चालेल," ते म्हणाले आणि कालची ओळ खोडून त्यांनी तिथेच उभ्याने नवी लिहिली, 'पत्ता खरा'. बाबांनी या वेळी यंत्र कानात घातलेलं होतं. त्यांनी ती ओळ दोनदा वाचून घेतली.

नोकरीची आणि पत्त्याची बातमी चारही गच्च्यांवर वाळून मैदान ओलांडून गेली. मावशी कशाला मागे राहतायत! बंगल्यांमध्ये धांदल उडाली. इतकी वर्षं आपल्या दारांत फुकटनगरची बाई हात घालत होती! एका घराने बोलणंच टाकलं. दोन बंगल्यांतल्या बायकांनी सगळी कुलपं बदलायचं ठरवलं. पण बदलायची कोणाकडून? गावात दुसरी कुलूपवाली होतीच कुठे? मुकाट्याने तिलाच बोलावलं.

ती सुट्टीच्या दिवशी गेली, कुलपं बदलली, जुन्यांपेक्षा चांगली बसवली. दुहेरी कुलपाच्या बाईंना राहवेना. "खरंच तिथे राहता तुम्ही?"

"हो. दुसरी इमारत, तिसरा मजला, डावीकडे," कुलूपवाली पेटी बंद करत म्हणाली. "कुलूप अडलं तर खुशाल या. जिन्यात मावशी भेटतील. हातात कागद असेल तर तेवढा आधी पिशवीत टाका, नाहीतर मी परदेशी असेन."

बारा वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी तिला आत बसून चहा घ्यायला सांगितलं.