गेटवर माझं नाव सांगा

भोसरीच्या आमच्या शाळेत दहावीच्या निरोप समारंभाला दरवर्षी एखादा माजी विद्यार्थी पाहुणा म्हणून बोलावतात. यंदा मला बोलावलं. फोन विज्ञानाच्या बाईंचा होता. मी दहावीत शाळेत पहिली आले तेव्हा आमच्या घरच्यांपेक्षा जास्त पेढे बाईंनी वाटले होते, आणि 'हिला इंजिनियरच करा' अशी वडिलांना गळ घातली तीही त्यांनीच. "अगं, कंपनीत तू आता काय म्हणून आहेस?" त्यांनी विचारलं. "क्वालिटी इंजिनियर," मी म्हणाले.

हे काही अगदीच खोटं नाही, असं मी स्वतःला समजावलं. डिग्री आहे, खातंही क्वालिटीचंच आहे. फक्त मी चाकणच्या त्या कंपनीत दिवसभर उभी राहून क्लचचे सुटे भाग तपासते आणि ट्रेमध्ये ठेवते, तेही ठेकेदाराची माणूस म्हणून. दर काही महिन्यांनी आम्हाला घरी बसवतात आणि मग दुसऱ्या ठेकेदाराकडून परत घेतात. कायम होण्याची वाट बघत तिसरं वर्ष चाललंय. एवढं सगळं फोनवर कोण सांगत बसणार?

समारंभात शाल, नारळ, टाळ्या. समोर बसलेल्या पोरी माझ्याकडे अशा काही बघत होत्या की मला चेवच चढला. मेहनत करा, घाबरू नका, सगळं बोलून झालं. तिथं गप्प बसायचं ना! पण नाही. "कुणालाही मदत लागली तर सरळ कंपनीत या. गेटवर फक्त माझं नाव सांगा," मी ठोकून दिलं. बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. त्या वेळी मला खरंच मोठं झाल्यासारखं वाटलं. आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

महिनाभरात बाईंचा मेसेज आला. त्यांच्या मुलीचा डिप्लोमा झाला होता, नोकरी मिळत नव्हती. 'एकदा तिला घेऊन येते गं तुझ्याकडे.' मी लिहिलं, 'कधीही या, बाई.' येतात कशाला, असा माझा हिशेब.

त्या आल्या. पहिली शिफ्ट सुटली होती. कायम लोकांच्या बस आतूनच निघतात. आम्ही ठेक्यावरचे गेटपाशी रांग लावतो, पिशवी आणि डबा उघडून दाखवतो आणि मग बाहेर पडतो. रांग सरकत असताना सिक्युरिटीच्या खिडकीशी ओळखीचा आवाज आला. बाई माझं नाव सांगत होत्या, हजेरी घेताना घ्यायच्या तसं, वडिलांच्या नावासकट. शेजारी मुलगी, छातीशी फाइल धरून उभी.

गार्डनं यादी खालीवर बघितली. "म्याडम, ह्या नावाचं हापिसात कुणी न्हाई बघा."

"असं कसं? मोठी इंजिनियर आहे ती," बाई म्हणाल्या, आणि वळल्या.

मी समोरच होते. ठेकेदाराचा राखाडी शर्ट, केसांवर जाळी, हातात उघडा डबा. नुसतं "बाई" म्हणायचं होतं. ती मुलगी माझ्या शब्दावर विसंबून इतक्या लांब आली होती. इथं काय असतं ते निदान तिला खरं सांगता आलं असतं. पण मी डब्यातल्या उरलेल्या पोळीकडे बघत राहिले, आणि वर बघितलं तेव्हा बाई माझ्याकडेच बघत होत्या.

"काय झालं, आई?" मुलगी इकडे वळणार, तोच बाईंनी तिचा दंड धरला आणि तिला रस्त्याकडे वळवलं. "काही नाही. मीटिंगमध्ये असेल ती. चल, बस चुकेल."

संध्याकाळी खोलीवर पोचले तर बाईंचाच फोन. आता माफी मागून मोकळं व्हायचं, असं ठरवून मी तो घेतला.

"अगं, आज तुझ्याकडे यायचं ठरवलं होतं," बाई म्हणाल्या. "पण घरातून निघणंच झालं नाही बघ. नुसतं येते येते म्हणते. रागावू नकोस हं."

एवढं बोलून त्या थांबल्या. खरं सांगायला त्यांनी मला जागा करून दिली होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

"छे हो बाई, रागवायचं काय त्यात," मी म्हणाले. "पुढच्या वेळी मात्र नक्की या."