रबरी खेळण्यातली भाकरी

खालच्या मजल्यावरच्या खाला पहिल्यांदा आमच्या दारात आल्या तेव्हा मी पिंपं भरत होते. पाणी येण्याचा दिवस होता, म्हणून कॉलेजात उशिरा येते असं सांगून ठेवलं होतं. या इमारतीत आम्ही नवेच होतो. जिन्यात भेटलं की हसायचं, एवढीच आमची ओळख. ओल्या हातांनीच दार उघडलं.

"बेटी, एक विचारू? तुमच्या घरात दिवसभर कोण रडतंय?"

"कुणी नाही हो खाला, कुत्री आहे."

"कुत्री हाय ते ठाऊक हाय मला. पण रडतीय का ती?"

भुंकण्याचा त्रास होतोय, काहीतरी बंदोबस्त करा, असं ऐकायची माझी तयारी होती. या प्रश्नाची नव्हती. मी त्यांना आत बोलावलं. त्या उंबऱ्यातच थांबल्या, कारण आमची कुत्री शेपूट हलवत पुढं येऊन उभी राहिली होती.

"तिला जरा बांध," त्या म्हणाल्या. "मारायचं नाही हां. नुसतं बांध. तिची लाळ लागली की मला कपडे बदलावे लागतात, नमाजासाठी हातपाय धुऊन पुन्हा वजू करावी लागते. बाकी माझं तिच्याशी काही भांडण न्हाय."

ही कुत्री नवऱ्यानं आणली होती. तो टेंभुर्णीला नोकरीला. तिथल्या हमरस्त्यावर एका धाब्यामागं ट्रकच्या चाकाला चिकटून बसलेलं हे पिल्लू त्यानं डब्याच्या पिशवीत घालून एसटीनं घरी आणलं. तेव्हा मी घरीच असायची, त्यामुळं ती माझ्या पायात पायात वाढली. मग मला कॉलेजच्या ग्रंथालयात काम मिळालं आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत घर रिकामं राहू लागलं. आम्ही बाहेर पडलो की ती दाराशी बसून रडायची. आधी बारीक कुईकुई, मग लांब सूर. आम्हाला कधीच ऐकू आलं नव्हतं, कारण आम्ही आलो की ती आनंदानं घरभर पळायची. ऐकत होत्या त्या खाला. उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या, यजमान वारलेले, मुलगी बार्शीला दिलेली. दुपारी त्या आडव्या व्हायच्या आणि बरोबर त्यांच्या डोक्यावर हिचं रडणं सुरू व्हायचं.

त्याच आठवड्यात मी तिला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी औषध दिलं नाही. म्हणाले, "हिला काम द्या." आणि कपाटातून एक रबरी खेळणं काढून दाखवलं. आतून पोकळ, जाड, एका टोकाला मोठं भोक आणि दुसऱ्या टोकाला बारीक. त्यात खायला भरायचं आणि घरातून निघताना तिच्यापुढं ठेवायचं. चाटत, चावत, लोळवत ती ते काढत बसते, आणि तेवढ्यात आपण गेल्याचा आकांत ओसरतो.

मी तसली दोन घेतली. पहिल्या दिवशी बिस्किटांचा चुरा भरला. माझ्या चपला पायात जाईपर्यंत तिनं सगळं संपवलं आणि रिकामं खेळणं माझ्या पायाशी आणून टाकलं. संध्याकाळी जिन्यात खाला भेटल्या.

"आज पण रडली की गं."

मी पिशवीतलं दुसरं, कोरं खेळणं त्यांना दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट फिरवलं, भोकात बोट घालून खोली पाहिली. "ह्यात काय भरलंस?"

"बिस्किटं."

"बिस्किटं!" त्यांच्यातली शाळेची बाई जागी झाली. "पोराला डब्यात बिस्किटं दिली की ते मधल्या सुट्टीच्या आधीच मोकळं होतं. पोट पण भरत न्हाय. भाकरी घाल की."

"भाकरी?"

"माझ्याकडं मंगळवेढ्याची ज्वारी हाय. सकाळची भाकरी उरती माझी. दह्यात कुस्करून भर."

त्यांच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा गेले ती अशी, कुत्रीच्या खाण्यासाठी. डॉक्टरांनी काय काय वर्ज्य सांगितलंय ते मी म्हणत गेले आणि त्या ओट्यावरून एकेक डबा मागं सारत गेल्या. मीठ नाही, साखर नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही. द्राक्षं नाहीत, मनुका नाहीत.

"मनुका पण न्हाय?"

"विषच आहे म्हणे त्यांना."

"आणि शेंगा?"

"नुसत्या भाजलेल्या चालतात, कूट करून. चटणी नाही."

"सोलापुरात जन्म काढायचा आणि शेंगाचटणी न्हाय," खाला मनापासून हळहळल्या. "बिचारी."

भाकरी-दही बिस्किटांपेक्षा बरं टिकलं, पण फार नाही. मग आमचे प्रयोग सुरू झाले. लाल भोपळा उकडून, घोटून. गाजर किसून. उकडलेलं अंडं. खालांकडं कोंबडी शिजायची त्या दिवशी मसाला घालण्याआधी दोन तुकडे बाजूला निघायचे आणि त्यांचे धागे करून भाकरीत मिसळले जायचे. हळूहळू लक्षात आलं की सगळं एकसारखं भरायचं नाही. तळाशी, बारीक भोकाकडं, सगळ्यात आवडतं ते ठासायचं, म्हणजे शेवटपर्यंत आशा राहते. मध्ये भाकरी आणि भोपळा. तोंडाशी जरा सैल, म्हणजे सुरुवातीलाच ती कंटाळून सोडून देत नाही. बारीक भोकाला आतून गाजराचा तुकडा लावायचा, नाहीतर दही गळतं. आणि मग सगळं फ्रीजरमध्ये ठेवून दगडासारखं गोठवायचं. हा शेवटचा शोध नवऱ्याचा. त्याला स्वतःला उन्हाळ्यात बर्फ चघळायची सवय.

ज्या दिवशी पहिल्यांदा गोठवलेलं खेळणं दिलं, त्या दिवशी दुपारी ग्रंथालयात माझा फोन वाजला.

"बेटी, वर आवाज न्हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे न्हाय. चाटायचा तेवढा येतोय. चपचप, चपचप. नंतर ते पण बंद. झोपली वाटतं." आणि जरा थांबून म्हणाल्या, "मला मात्र झोप येईना बघ. सवय झाली होती की."

मग एक रीतच पडली. संध्याकाळी मी खेळणी घासून, गरम पाण्यातून काढून स्टीलच्या डब्यात घालायची आणि खालांच्या दारात ठेवायची. त्या भरायच्या, त्यांच्याच फ्रीजरमध्ये ठेवायच्या. सकाळी कामाला निघायच्या आधी मी वर घेऊन यायची. कुत्रीला त्यांनी अजून हात लावलेला नव्हता. पण दुपारी कधी ती कुईकुई करायला लागली, तर त्या जिना चढून येत आणि बंद दाराशी उभं राहून बोलत. "काय कू रोती गे? चुप बैठ. आतेत तेरे घर के." हे मला समोरच्या घरातल्या काकूंनी सांगितलं. रमजानात मी म्हटलं, आता महिनाभर मी करते, तुम्हाला रोजे असतात. तर म्हणाल्या, "हिचं करायला काय त्रास हाय? मीठ बघायला चव घ्यावी लागत न्हाय."

पुढं उन्हाळा तापला. भिंतीसुद्धा गरम लागायच्या. नवऱ्याला वाटलं, पोरीला उन्हाचं आणखी एखादं खेळणं असावं. तो कुत्रीला पोरीच म्हणतो. टेंभुर्णीत रस्त्याकडेच्या गाड्यावरून त्यानं एक छानसा निळा चेंडू आणला. पोकळ होता, भोकही होतं. आम्ही त्यात दही भरून गोठवलं आणि सकाळी तिला दिलं.

भर दुपारी खालांचा फोन आला. "बेटी, ती रडत न्हाय. पण काहीतरी आपटतीय. फरशीवर धपधप आपटतीय. हा आवाज वेगळा हाय. मी कुलूप काढू का?"

सिलिंडरवाला येतो म्हणून एक किल्ली त्यांच्याकडं होती. मी म्हटलं, काढा. फोन चालूच होता. दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग खालांचा, "या अल्लाह!"

चेंडूला भोक एकच होतं. चाटून चाटून आतली हवा ओढली गेली होती आणि तिची जीभ आत अडकून बसली होती. ती डोकं झटकत होती, चेंडू फरशीवर आपटत होता. मी ग्रंथालयातल्या दुसऱ्या फोनवरून डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, ओढू नका, जीभ फाटेल. पलीकडच्या बाजूनं चेंडूला भोक पाडा, आत हवा जाऊ द्या, आणि लगेच घेऊन या. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला, नवरा टेंभुर्णीत. मी रिक्षाकडं पळता पळता खालांना सगळं सांगितलं.

"मी?" त्या म्हणाल्या.

 पलीकडून थोडा वेळ नुसतं धपधप ऐकू येत राहिलं.

"ठीक हाय," खाला म्हणाल्या. "फोन ठेव. मला दोन्ही हात लागतील."

पुढचं मला त्यांनीच सांगितलं. त्या खाली गेल्या आणि रजई शिवायचं दाभण घेऊन आल्या. फरशीवर मांडी घातली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि चेंडू गुडघ्यात दाबून धरला. ती थरथरत होती, पण चावली नाही. रबर चिवट होतं. दाभण दोनदा निसटलं, तिसऱ्या खेपेला आरपार गेलं. बारीकसा फुस्स आवाज झाला. मग चेंडूच्या कडेनं खोबरेल तेल सोडून त्यांनी जीभ हळूहळू मोकळी केली.

मी पोचले तेव्हा दार सताड उघडं होतं. खाला भिंतीला टेकून बसलेल्या. ओढणी, कुर्ता, सगळं लाळेनं आणि दह्यानं भिजलेलं. सुजलेली जीभ बाहेर काढून कुत्री त्यांच्या मांडीवर पडली होती आणि त्या तिच्या कपाळावरून हात फिरवत होत्या. मला बघितल्यावर त्यांना रडू फुटलं. मग मलाही. आम्ही दोघी रडतोय म्हणून कुत्री उठून आळीपाळीनं आमच्या तोंडाकडं बघायला लागली.

"खाला, तुमचे कपडे…"

"धुवीन की. आज पाणी आलंय." त्यांनी डोळे पुसले. "रिक्षा थांबवलीयस का? चल मग, मी पण येते."

डॉक्टरांनी सुई दिली, सूज उतरायचं औषध दिलं आणि चेंडू हातात घेऊन निरखून पाहिला. मग एवढंच म्हणाले की, पोकळ खेळण्याला दोन भोकं असलीच पाहिजेत, हवा खेळायला. रात्री नवऱ्यानं तो चेंडू कातरीनं तुकडे तुकडे करून टाकला. जेवला नाही. खालांनी खालून त्याच्यासाठी खिचडी पाठवली आणि सोबत सांगावा, "प्रेमानंच आणला होता म्हणावं. खा."

जीभ बरी होईपर्यंत कुत्रीला दहीभात मिळाला, हातानं. दुपारचा घास खालांचा. हात धुवायचे तर धुवू, कपडे बदलायचे तर बदलू, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. त्यांच्या घरात पलंगावर, नमाजाच्या चटईजवळ, जानमाजजवळ ती येणार नाही, तेवढं मी बघते. जिन्यात मात्र त्यांचं राज्य आहे. त्या पायरीवर बसतात, ती खालच्या पायरीवर गोणपाटावर, पायांत खेळणं धरून चाटत.

सध्या खाला बार्शीला आहेत. मुलीला बाळ झालंय. जाताना फ्रीजर भरून गेल्या होत्या, ते कधीच संपलं. आता मी भरते. रोज दुपारी त्यांचा फोन येतो, मागून बाळाचं रडणं ऐकू येत असतं.

"आज काय भरलंस?"

"दुधी. उकडून, भाकरीत."

"दुधी? खाल्ला तिनं?"

"निम्मा तसाच आहे."

"नक्को देऊ मग दुधी," खाला म्हणतात. "भोपळा आण. आणि थोडं शेंगाचं कूट टाक तळाला. मी सोमवारच्या एसटीनं येतीय म्हणून सांग तिला."

मी फोन कुत्रीच्या कानाशी धरते, म्हणजे त्यांचं त्याच सांगतील.