उकळून गार केलेलं पाणी

आईच्या पोटातली गाठ माझे वडील, आबा, आटपाडीहून एसटीनं सांगलीला घेऊन आले, मांडीवर स्टीलचा डबा धरून. आमच्याकडं ऑपरेशन झालं की काढलेला तुकडा बाटलीत घालून तपासणीला न्यायला घरच्यांच्याच हातात देतात. मी त्या तपासणीच्या लॅबमध्येच कामाला, त्यामुळं बाटली मीच उघडली. तुकडा नासू नये म्हणून घालतात त्या फॉर्मालिनचा नाकाला झोंबणारा वास आलाच नाही. मी आबांना विचारलं.

बाटली आदल्या दिवशी घरीच पाझरायला लागली होती. डोळे चुरचुरले म्हणून आबांनी ते औषध ओतून दिलं आणि पाणी भरलं, तेही उकळून, गार करून. फौजेत जन्म गेलेला माणूस, स्वच्छतेत कसूर नाही. मी चारचौघांत त्यांच्यावर ओरडले.

तुकडा पुन्हा फॉर्मालिनमध्ये घातला, मेणात बसवला. पण पाण्यानं पेशी फुगून विस्कटल्या होत्या. डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकून राहिले आणि गाठ साधी की वाईट, ते त्यांना ठरवता येईना. मग उरलं ते माझं काम. पेशींच्या कारभाराला लगाम घालणारे आरएनएचे बारके तुकडे असतात. लांब आरएनए तुटून जातो, हे बारके मात्र मेणातही तग धरतात. आईला ज्या कॅन्सरची शंका डॉक्टरांना होती, त्यात त्यांतला एक बेसुमार वाढतो. मी मेणाचे पातळ काप काढले, मेण धुतलं, आरएनए वेगळा केला आणि मशीन लावलं.

कुठल्याही पेशीत सापडतो त्या तुकड्याची रेघ पडद्यावर वर चढली. म्हणजे नमुना वाचण्याइतका शाबूत होता. मला आनंद व्हायला हवा होता, पण भीती वाटली. आता जे दिसेल ते खरं मानावं लागणार होतं. मग दुसरी, त्या आजारात वाढणाऱ्या तुकड्याची रेघ वळली आणि चढतच गेली. शेजारच्या निरोगी नमुन्याची रेघ जमिनीला चिकटून होती.

बाहेर बाकावर आबांना मी सगळं सावकाश सांगितलं. ते डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिले.

"पोरी, म्या पाणी भरलं म्हून तर तसं आलं नसंल?"

त्यांच्या आवाजात आशा होती. चूक आपलीच निघावी म्हणून ते माझ्या तोंडाकडं बघत होते. व्हय म्हणावं, असं मला फार वाटलं.

"न्हाई आबा. पाण्यानं हाय ते जातं. नसलेलं येत न्हाई."

त्यांनी मान हलवली. डबा पिशवीत घातला आणि आटपाडीची गाडी किती वाजता हाय, ते विचारलं.