पंधरा ग्रॅमचा फरक

तीन चेंडू हवेत खेळवताना मालनबाईंचा तिसरा चेंडू कायम पलंगावर पडायचा. पलंगासमोर उभं राहून शिकायचं म्हणजे सारखं वाकावं लागत नाही, ही मैदानावरच्या प्रफुल्लने सांगितलेली युक्ती. चार महिन्यांत चादर मळली, सुनेची मात्र करमणूक झाली.

"आई, सर्कशीत नाव घातलंय का?" राखी विचारायची.

"घातलंय. तुझंबी घातलंय. वाघाच्या पिंजऱ्यात."

मालनबाईंचे बावीस हंगाम पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षं भरण्यात गेले होते. गुडघे कुरकुरायला लागले तसं मुलाने, नवनाथने, नाशिकला आणलं. रविवारी सकाळी मैदानावर फिरायला गेल्या, तर दहा-बाराजण गोल करून तीन-तीन चेंडू हवेत खेळवत होते. कॉलेजची पोरं, एक दातांची डॉक्टरीण. मालनबाई इतका वेळ बघत राहिल्या, की बँकेतल्या प्रफुल्लने, म्हणजे मंडळ चालवणाऱ्याने, आपला जुना संच त्यांच्या हातात दिला.

मंडळाचा नियम एकच होता. न पाडता शंभर झेल घेईल तो गोलात उभा राहील. बाकीच्यांनी कडुनिंबाखाली सराव करायचा. कडुनिंबाखालून एकेकजण गोलात गेला. एक पोरगी तर तीन रविवारांत गेली. मालनबाईंचा आकडा एकतीसच्या पुढे सरकेना.

एका रविवारी प्रफुल्ल म्हणाला, "मावशी, या तुम्ही गोलात. शंभराचं काय एवढं?"

"नाय," मालनबाई म्हणाल्या. "तसं नाय यायचं."

पॅकहाऊसमध्ये नव्या पोरी आपले डबे त्यांच्यापुढे आणून ठेवत. मालनबाई डबा तळहातावर घेत आणि म्हणत, "दोन मणी काढ." दोन द्राक्षं काढली की काट्यावर बरोबर पाचशे ग्रॅम भरत. त्या बाईला आता दया म्हणून जागा मिळणार होती. त्या कडुनिंबाच्या पारावर बसल्या, चेंडू मांडीवर घेऊन. चार महिने त्यांनी ते नुसते फेकले होते. नीट हातात असे धरलेच नव्हते.

त्यांनी एक उचलला. दुसरा उचलला. तिसरा उचलला आणि परत पहिला घेतला.

"प्रफुल्ल, ह्यो लाल हलका हाय."

"एकाच पाकिटातले आहेत, मावशी."

"असतील. पण पंधरा ग्रॅम कमी हाय."

पोरं हसली. मैदानाच्या कोपऱ्यावर फळांची गाडी होती. गाडीवाल्याने चेंडू काट्यावर ठेवले. एकशेवीस, एकशेवीस. लाल, एकशेपाच. गाडीवाल्याने तो परत उचलला, तर काट्यावर आत भरलेल्या राळ्याचे चार दाणे राहिले. शिवण उसवली होती. हात सारखाच जोर लावायचा आणि लाल चेंडू वीतभर जास्त उडायचा.

त्या आठवड्यात नवनाथच्या जुन्या जीन्सचे तुकडे आणि घरातली बाजरी घेऊन मालनबाईंनी तीन चेंडू शिवले. भरताना काटा घेतला नाही. नवनाथने गुपचूप ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले आणि म्हणाला, "आई, एक ग्रॅम चुकलीस. तिसरा एकशेएकवीस आहे."

"काट्यात सेल बदल," मालनबाई म्हणाल्या.

रविवारी राखी मुद्दाम बरोबर आली, व्हिडिओ काढायला. प्रफुल्ल मोजत होता. एकतीस गेले. साठला मालनबाईंचा पदर सुटला, त्यांनी सुटू दिला. ऐंशीच्या पुढे कडुनिंबाखालचे सगळेच मोजायला लागले. शंभर झाले तरी त्या थांबल्या नाहीत, एकशेचाळीसला तिन्ही चेंडू आपणहून झेलून उभ्या राहिल्या.

"काढलास का गं?" त्यांनी विचारलं.

राखीने फोन पाहिला. बटण दाबायचं राहूनच गेलं होतं. "आता परत करा," ती म्हणाली, आणि या वेळी आधी बटण दाबलं.

डॉक्टरीणबाई सरकल्या. गोलात एका माणसाची जागा झाली. मालनबाईंनी पदर खोचला आणि त्या जागेवर उभ्या राहिल्या. शेजारच्या पोराचा चेंडू निसटून त्यांच्याकडे आला. त्यांनी तो झेलला आणि परत देण्याआधी एकदा तळहातावर तोलून पाहिला.