देवणीच्या गोठ्यात भिजवलेली नाव

लातुरात पंधरा-पंधरा दिवस नळाला पाणी येत नव्हतं, त्याच उन्हाळ्यात माझ्या बाबांनी शिडाची नाव तयार केली. गल्लीत नुसता हशा. "हितं घागर बुडंना अन् तुम्ही नाव आणलाव," असं शेजारच्या काकू टँकरच्या रांगेत रोज ऐकवायच्या.

बाबा कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी दुसऱ्यांच्या शेतात पाणी सोडण्यात गेली, पण काठ सोडून स्वतः कधी पाण्यावर गेले नाहीत. एका बंद पडलेल्या बोट क्लबच्या भंगारात त्यांना ही बारा फुटी लाकडी नाव सापडली आणि चार महिने आमच्या अंगणाची गोदी झाली. तुषार सिंचनाच्या ॲल्युमिनियम पाइपाची डोलकाठी केली. विहिरीच्या जुन्या कप्प्या शिडाच्या दोरांना लावल्या. शीड मंडपवाल्याच्या कापडाचं, आईच्या मशीनवर शिवलेलं. त्याची झालर काढायची राहून गेली ती गेलीच. फळ्यांच्या फटींत बाबांनी रंगारी वापरतात ती लांबी भरली, पॉलिश पेपरने घासली आणि वरून निळा रंग दिला.

शेवटची टीप मारून आईने अट घातली. "पहिल्याच खेपेला तरंगली तर तुमची. न्हाई तरंगली तर मिलिंदाला देऊन टाका."

मिलिंद म्हणजे माझा मामा. देवणीला असतो, गुरं पाळतो. त्याच्या गोठ्यातला सिमेंटचा हौद फुटला होता, तेव्हापासून त्याचा डोळा नावेवर. हौदाचा विषय निघाला की बाबांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नाव ही काय गुरांनी तोंड घालायची वस्तू आहे?

बेत असा होता: लातूरहून उदगीरमार्गे देवणी, मुक्काम मामाकडे, दुसऱ्या दिवशी नांदेडवरून भोकर. भोकरजवळच्या एका तलावावर बाबांची पहिली नेमणूक होती आणि त्याच्या खोलगट भागात अजून पाणी टिकून होतं. पिकअप मामाने पाठवलेली, चालवायला मी.

उदगीरला चहाला थांबलो. तिथला मुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोघांचा नाश्ता-चहा शंभराच्या आत होतो. टपरीवरची सगळी मंडळी गाडीभोवती जमली.

"नाव कुठं घेऊन चाललाव, मास्तर?"

"भोकरला," बाबा म्हणाले.

"उगं लांब कशाला? उदगीर जिल्हा व्हायलाय. जिल्हा झाला की बंदरबी हितंच मंजूर होतंय."

"आधी टँकर मंजूर करा म्हणावं," टपरीवाला म्हणाला. बाबाही हसले. त्या दिवसातलं त्यांचं हे शेवटचं हसू.

देवणीला मामा फाटकातच उभा. "जयभीम, दाजी! आणलाव का माझा हौद?" बाबांनी जयभीम तेवढा घेतला, पुढचं ऐकलंच नाही. नाव उतरवून चार विटांवर ठेवली. मामा गंमत म्हणून खाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "दाजी, हितनं आभाळ दिसायलंय की!"

मी वाकून पाहिलं. खरंच दिसत होतं. रस्त्यातल्या खड्ड्यांनी निम्मी लांबी गळून पडली होती. फळ्या उन्हाने इतक्या आकसल्या होत्या की काही फटींत रुपयाचं नाणं उभं राहिलं असतं. चार महिन्यांची मेहनत आणि आईची अट, मला दोन्ही एकदम आठवलं. बाबा तर बाजेवर जाऊन बसले.

मामाने पाशाभाईंना बोलावलं. पाशाभाई बैलगाड्या बनवणारे जुने सुतार. नाव त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. त्यांनी फळीवर बोटाने टिचकी मारली.

"साहेब, गाडीचं चाक उन्हाळ्यात वाळून खिळखिळं झालं तर काय करतेत? लांबी भरतेत का?"

"भिजत घालतेत," मामा म्हणाला.

"मंग हे बी चाकच समजा. लाकडाला तहान लागलीय. चार रोज पोटभर पाणी पाजा, आपसूक फुगतंय."

पाशाभाईंनी उरलेली लांबी खरवडायला लावली. फटींत डांबरात बुडवलेली सुताची दोरी हलक्या हाताने बसवली. "गच ठोकू नका, लाकडाला फुगायला जागा लागती." जुनी लाकडी नाव दुरुस्त करणाऱ्यांनी हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं.

पण पाणी आणायचं कुठून? मामाचं बोअर दिवसाला तासभर चालायचं आणि ते पाणी गुरांचं. मी, मामा आणि पाशाभाईंनी गुरांकडे पाहिलं, मग नावेकडे. बाबांकडे बघायची कोणाची छाती झाली नाही. मला त्यांची फार दया आली.

सकाळी बोअर सुरू झालं तेव्हा पाइप बाबांच्याच हातात होता. त्यांनी नावेत पाणी सोडलं आणि मामाला म्हणाले, "सोड गुरं." काळ्या तोंडाची चंद्री गाय पहिली आली आणि निळ्या काठावरून मान आत घालून घटाघटा प्यायली. बाबा पाठ फिरवून उभे राहिले. गळणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून मामाने खालून चर काढून ते मेथीच्या वाफ्यात नेलं.

दुपारपर्यंत मात्र जुनी सवय उसळली. बाबांनी नावेच्या आत स्टीलची पट्टी बांधली आणि तासातासाला वहीत पातळी लिहू लागले. "चंद्री, थांब जरा, रीडिंग घ्यायचंय," हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पहिल्या दिवशी धार लागली होती, तिसऱ्या दिवशी थेंब. चौथ्या दिवशी मेथीचा वाफा कोरडा राहिला आणि बाबांनी मामाला मिठी मारली.

भोकरला निघताना नावेवर ओली पोती टाकली आणि नांदेडपर्यंत दोनदा भिजवली. रस्ता बरा आहे, पण डोलकाठीला लाल फडकं बांधा. तलावावर आधी परवानगी काढा, लाइफ जॅकेट घाला. तिथला चौकीदार बाबांच्या हाताखाली लागलेला निघाला. "साहेब, तुम्ही अन् पाण्यात?" एवढंच म्हणाला आणि नाव ढकलू लागला.

झालरीचं शीड भरलं. बाबांनी सुकाणू धरलं, दुसऱ्या हाताने नावेचा तळ चाचपला आणि तळहात मला दाखवला. कोरडा होता. काठ हळूहळू लांब गेला. बाबा काठाकडेच बघत होते. "मी तिथं उभा राहायचो," ते म्हणाले. मग त्यांनी नाव वळवली आणि आम्ही दिमाखात चिखलात रुतलो. चौकीदाराने दोर टाकून ओढून काढलं.

अट पुरी झाली होती, तेव्हा नाव लातूरला यायला हवी होती. पण परतीला देवणीचा फाटा आला आणि बाबा म्हणाले, "वळव." गोठ्यात त्यांनी स्वतः नाव विटांवर ठेवली, डोलकाठी वळचणीला टांगली आणि मामाला पट्टी कशी वाचायची ते शिकवलं. पाऊस येईपर्यंत ती तिथेच, पाण्याने भरलेली राहणार होती.

आता आमचं अंगण मोकळं झालंय, तिथे आईचे पाण्याचे ड्रम परत आलेत. बाबा रोज संध्याकाळी देवणीला फोन लावतात आणि एकच विचारतात, "नावेत पाणी किती हाय?" मामा भरपूर म्हणाला की निवांत जेवायला बसतात. नावेत पाणी आहे हे ऐकून ज्याचा जीव भांड्यात पडतो असा नावाडी मी तरी दुसरा पाहिलेला नाही.