एकाहत्तर टोल

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलहून चार तास ड्राइव्ह केलं की डोंगरात एक दगडी चर्च लागतं. युरोपातल्या मध्ययुगीन चर्चसारखं, जाड भिंतींचं, गावातल्याच लोकांनी नदीतले दगड वाहून बांधलेलं. आमच्या ह्यांना ते बघायचं होतं. सिव्हिल इंजिनिअर माणूस, रिटायर झाले तरी जुनी भिंत दिसली की हात लावून बघणार. दर फॉलला, पानं रंगली की विचारायचे, "जाऊया का गं?" आणि दर फॉलला माझं काहीतरी असायचंच. मराठी मंडळाची दिवाळी, नाहीतर कोणाचं डोहाळजेवण. शेवटच्या वर्षी तर मी फटकारलंच, "दगड बघायला चार तास? गुडघे माझे दुखतात, तुमचे नाही." ते हसले आणि गुपचूप हॉटेलचं बुकिंग कॅन्सल केलं. मार्चमध्ये ते गेले.

मी रडले नाही. खरं सांगते, डोळ्यांतून टिपूस नाही. मंडळातल्या बायका म्हणाल्या, धीराची हो! धीर कसला डोंबलाचा! आत सगळं कोरडं ठणठणीत. त्रेचाळीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली, त्या माणसासाठी माझ्याकडे काहीच नाही की काय, ह्या भीतीने मी सात महिने काढले.

ऑक्टोबरात मुलीला म्हटलं, चल, मला ते चर्च दाखव. घाटात दोनदा मळमळलं, तरी गाडी थांबवू दिली नाही. म्हटलं, भोग आता.

गाव म्हणजे पंधरा-वीस घरं. चर्चचं दार नुसतं लोटलेलं, आत चिटपाखरू नाही. मी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. मुलगी म्हणाली, "आई, यू डोन्ट हॅव टू." म्हटलं, असू दे गं, देवाचं घर आहे. आत शिरल्याबरोबर वरून एक जाड दोर लोंबत होता. देवळात शिरताना घंटा वाजवायची, हे काय कोणी सांगावं लागतं? मी ओढला. जड होता, म्हणून दोन्ही हातांनी आणखी दोनदा ओढला. अगं बाई! सगळी दरी दणाणली.

"आई, स्टॉप!" पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. समोरच्या घरातून एक म्हातारी बाई ॲप्रनसकट धावत आली. मागोमाग एक म्हातारा, टोपी हातात. बघता बघता सात-आठ माणसं दारात जमली. मला वाटलं, आता पोलीस बोलावतात. बाईला धाप लागली होती. तिने विचारलं, "कोण गेलं?"

मुलीने घाईघाईने सॉरी म्हणत आमची देवळातली पद्धत समजावली. मग बाईने सांगितलं की इथे ही घंटा फक्त कोणी वारलं की वाजते. जितकं वय तितके टोल. घराघरातून लोक मोजतात आणि आकड्यावरून ओळखतात. मी तीन वाजवून थांबले होते. तिची नात तीन वर्षांची होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात जोडून म्हटलं, "माफ करा हो, कोणी गेलं नाही. कोणीच नाही." माझ्याच तोंडून ते ऐकलं आणि जवळच्या बाकावर बसले. म्हटलं, "माझा नवरा गेला. मार्चमध्ये."

म्हाताऱ्याने फक्त वय विचारलं. एकाहत्तर, मी म्हटलं. त्याने दोर धरला.

सगळे उभे राहून मोजत होते. मीही मोजायला लागले. अठ्ठाविसाव्या वर्षी ह्यांचं माझ्याशी लग्न झालं. त्या टोलाला जो हुंदका फुटला, तो काही केल्या थांबेना. इतकी रडले, इतकी रडले, की मुलगी घाबरली. पण मोजणं सोडलं नाही. एकोणसत्तर. सत्तर. एकाहत्तर.

म्हाताऱ्याने दोर सोडला.

"अजून एक," मी म्हटलं. "प्लीज, एकच."

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच नकारार्थी मान हलवली.