विमानाच्या पंखाला परकराचं कापड

ओझरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान आहे. ब्लाउज शिवते, पण जास्त करून परकर. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, जवळच्याच विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तीसेक वर्षं त्यांनी विमानांच्या पंखांना रिव्हेट मारले. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे चहा झाला का, लाइट बिल आलं का, एवढंच. राग वगैरे काही नव्हता. एकमेकांशी काय बोलावं, हेच दोघांना सुचत नसे.

निवृत्तीनंतर त्यांनी वाचनालय लावलं. एका दुपारी विमानांच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक काखेत घेऊन ते मशीनपाशी येऊन उभे राहिले. मी पाय थांबवला.

"परकराला कळ्या किती लावती तू?"

"सहा. घेर जास्त हवा असला तर आठ."

"आन कळी दोन्ही टोकांना निमुळती, मधी रुंद कापली, आन अशा बारा जोडल्या, तर?"

मी खडूनं रद्दीवर तशा कळीचा, म्हणजे घेराच्या एका उभ्या तुकड्याचा, आकार काढून पाहिला. "फुगा होईल की, मामा."

त्यांनी स्टूल ओढलं आणि वाचून दाखवायला सुरुवात केली. फ्रान्समध्ये कागदाचा धंदा असलेले दोन भाऊ होते. त्यांनी तागाच्या कापडाला आतून कागद लावून भलाथोरला फुगा केला आणि त्याचे तुकडे चक्क बटणांनी जोडले. बटणं हजारच्या वर! माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की काजं कुणी केली असतील? मामा हसले. त्यांना असं हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं.

पुढे लिहिलं होतं की, ते भाऊ ओला पेंढा आणि लोकर जाळायचे. दाट धूर फुग्याला वर नेतो, असं त्यांना वाटायचं.

"धूर हलका असतो, बरोबरच हाय," मामा म्हणाले.

मला ते पटेना. माझं माहेर निफाडचं. थंडीत आमच्याकडे शेकोटी विझत आली की धूर वर जातच नाही, शेतावर चादरीसारखा पसरून राहतो. मी म्हटलं, "मामा, वर जाते ती ऊब. धूर नुसता तिच्या मागं जातो."

"तू म्हणती म्हणून?"

"करून बघा."

त्यांनी खरंच मनावर घेतलं. मी पतंगाच्या कागदाच्या बारा कळ्या कापल्या, खळ लावून जोडल्या. पण ओझरला काही उडवायचं नाही, हे त्यांनी आधीच बजावलं. विमानतळाच्या आसपास गंमत नको. म्हणून डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही निफाडला माझ्या भावाच्या मोकळ्या रानात गेलो. बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मामांनी पत्र्याच्या डब्याला नळकांडं जोडून आणलं होतं.

आधी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ओला पेंढा पेटवला. धुरानं आमचे डोळे चुरचुरले, फुगा काळा-पिवळा झाला, अर्धामुर्धा फुगला आणि कुशीवर कलंडला. मग डबा रिकामा करून त्यात लाल झालेले कोळसे घातले. धुराचं नाव नाही. कागद कुरकुरला, सुरकुत्या एकेक करून गेल्या, आणि फुगा माझ्या हातांना वर ओढायला लागला.

"सोडू?"

"सोड!"

तो सरळ वर गेला. त्याला बांधलेली दोरी मामांच्या हातात होती. बांधावरच्या आंब्याच्या शेंड्याच्याही वर जाऊन तो थोडा वेळ थांबला, आणि आतली हवा निवली तसा हळूहळू खाली येऊन शेजारच्या द्राक्षबागेच्या तारांवर बसला. मामा तिकडे बघतच राहिले. माझं म्हणणं खरं ठरलं म्हणून मी खुशीत होते, पण त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

"म्हंजी त्या दोघांना ठावकीच नव्हतं, आपला फुगा का उडतोय ते," ते म्हणाले. "तरी उडवला!"

त्या दिवसापासून दुपारी पुस्तक माझ्या दुकानात वाचलं जाऊ लागलं. पुस्तकातले फुगे संपले. टेकडीवरून पंख बांधून उड्या घेणारा जर्मन माणूस आला. तो शेवटी उडताना पडून वारला, तेव्हा मामांनी पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलं नाही. मग पहिलं विमान उडवणारे, अमेरिकेतले सायकलवाले दोन भाऊ आले. त्यांनी पंखांना मलमल लावली होती, तीसुद्धा बायकांच्या आतल्या कपड्यांसाठी विकली जाणारी, आणि ती शिवली घरच्या मशीनवर. मामांनी हे वाक्य दोनदा वाचलं आणि माझ्या हातातल्या परकराकडे पाहिलं.

पुढच्या ओळीवर मात्र ते अडले. कापड चौकटीवर सरळ न लावता तिरपं लावलं होतं. "हे कशापायी? कापड वाया जातं की."

"उरेब," मी म्हटलं.

हा शब्द त्यांना माहीत नव्हता. मी कापडाचा तुकडा त्यांच्या हातात दिला. "धाग्याच्या दिशेनं ओढा." कापड ताणलं नाही. "आता कोपऱ्यातून कोपऱ्याकडे ओढा." ते लांबलं. मामांनी पुन्हा ओढून पाहिलं. मग मागच्या अंगणात गेले आणि बांबूच्या कामट्यांच्या दोन सारख्या चौकटी करून आणल्या. प्रत्येक कोपऱ्यात एकच खिळा, त्यामुळे हात लावला की दोन्ही तिरक्या व्हायच्या. एकीवर मी कापड सरळ ताणून शिवलं, दुसरीवर उरेब.

सरळ कापडाची चौकट कोपऱ्यावर दाबल्याबरोबर वाकडी झाली; कापड कोपऱ्यातून कोपऱ्याकडे लांबलं. उरेब कापडाची दाबली, तर हलेना. धागेच कोपऱ्यातून कोपऱ्यात गेलेले, त्यांनी ती धरून ठेवली होती.

"चौकट हलू नये म्हणून तिरप्या पट्ट्या मारतो तसं झालं," मामा हळूच म्हणाले. "इतकी वर्षं पंख जोडले, पण सुरुवातीच्यांनी हे काम धाग्याकडून करून घेतलं, ते मला आज कळलं. आन ते तू सांगितलं."

मी दोरा तोडला.

चार दिवसांनी ते आपल्या तीन जुन्या सोबत्यांना दुकानात घेऊन आले, सगळे निवृत्त फिटर. "सूनबाई, यांना दाखव," म्हणाले. ते तिघं परकराच्या कापडाचे कोपरे धरून ओढाताण करत होते, एवढ्यात एक गिऱ्हाईक बाई ब्लाउज न्यायला आली आणि दारातच थबकली. मामांनी तिला स्वतःचं स्टूल दिलं आणि सगळं पहिल्यापासून समजावलं.

एका फिटरनं विचारलं, "पण सायकलवाल्यांना हे उरेब कुणी शिकवलं असंल?"

"घरात कुणी बाई शिवत असंल," दुसरा म्हणाला.

पुस्तकात तसं काही लिहिलेलं नव्हतं. आम्ही पाच-सहा जण मिळून ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचू लागलो.